बारा एप्रिलच्या पाच गोष्टी

अमेरिकेतल्या यादवी युद्धाची पहिली तोफ १२ एप्रिलला डागली गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे नेतृत्व करणाऱ्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा मृत्यूही १२ एप्रिलचाच. पोलिओची लस उपयोगी ठरल्याचे जगाला कळले ते १२ एप्रिलला, माणूस पहिल्यांदा अंतराळात गेला तोही याच तारखेला, आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारे पहिले अंतराळयान माणसांना घेऊन उडाले तेव्हाही कॅलेंडरवर १२ एप्रिलच होता. वर्षे अर्थात वेगवेगळी : १८६१, १९४५, १९५५, १९६१ आणि १९८१. शाळेच्या फळ्यावर रोज लिहिल्या जाणाऱ्या दिनविशेषात अशा घटना एकाखाली एक येतात आणि दुसऱ्या दिवशी पुसल्या जातात. खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे : त्या त्या वर्षी ती घटना नेमकी त्याच दिवशी का घडली? एके ठिकाणी सैनिकांचा शिधा संपत आला होता, एके ठिकाणी दुसऱ्या देशाच्या आधी पोहोचायची घाई होती, तर एके ठिकाणी संगणकाची वेळ सेकंदाच्या एका बारीकशा अंशाने चुकली होती.

तारखा जुळण्यात चमत्कार किती आणि हिशेब किती, हे आधी पाहायला हवे. एका वर्गात २३ मुले असतील, तर त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. हे खरे वाटत नाही, कारण वर्षाचे दिवस ३६५ आणि मुले फक्त २३. पण इथे मुले मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात. पहिल्या मुलाची जोडी उरलेल्या २२ जणांशी लागते, दुसऱ्याची २१ जणांशी, तिसऱ्याची २० जणांशी. असे शेवटपर्यंत मिळवत गेले की २५३ जोड्या होतात, आणि त्यांतली एकही जुळली तरी पुरते. चाळीस मुलांच्या वर्गात तर ही शक्यता शंभरात जवळजवळ ९० इतकी होते. कोणत्याही वर्गात पाटी फिरवून हे पडताळता येईल. इतिहासात नोंदलेल्या घटना हजारो आहेत आणि त्यांना बसायला घरे फक्त ३६६. प्रत्येक घरात बरीच गर्दी होणारच.

दुसरी गोष्ट अशी, की घटना ‘एकाच तारखेला’ घडली हे म्हणणे वापरातल्या कॅलेंडरवर अवलंबून असते. युरोपात पूर्वी ज्युलियन कॅलेंडर चाले. ते ऋतूंच्या मागे पडू लागले म्हणून १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांनी सुधारणा केली आणि काही देशांत ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंडने हा बदल १७५२ पर्यंत लांबवला. म्हणून न्यूटनचा जन्म त्या काळच्या इंग्लंडमध्ये २५ डिसेंबर १६४२ ला नोंदला गेला आणि आजच्या कॅलेंडरने तो ४ जानेवारी १६४३ येतो. महाराष्ट्रात तर हा अनुभव दरवर्षीचा आहे, कारण शिवजयंती तारखेनेही साजरी होते आणि तिथीनेही. १२ एप्रिललाच पंचांग लावून पाहावे. १९६१ मध्ये त्या दिवशी चैत्राचा वद्य पक्ष सरत आला होता आणि अमावास्या तीन दिवसांवर होती. १९८१ मध्ये त्याच तारखेला चैत्राचा शुद्ध पक्ष होता आणि रामनवमीचे दिवस होते. चंद्राने मोजणाऱ्याला हे दोन दिवस एक वाटणारच नाहीत.

आता त्या पाच घटनांकडे वळायला हरकत नाही.

१८६१ साली अमेरिका फुटण्याच्या बेतात होती. दक्षिणेकडच्या राज्यांची सगळी श्रीमंती कापसावर उभी होती आणि तो कापूस पिकवत होते गुलाम. आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे हे वंशज विकले जात, विकत घेतले जात, मालकाच्या मनात आले की आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे पाठवले जाई. १८६० मध्ये अशा माणसांची संख्या सुमारे ४० लाख होती. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही, असे म्हणणारे अब्राहम लिंकन निवडून येताच दक्षिणेतली राज्ये एकामागून एक देशातून बाहेर पडू लागली. सर्वांत आधी बाहेर पडले साउथ कॅरोलायना. त्याच राज्यातल्या चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशी, पाण्याने वेढलेला फोर्ट समटर हा किल्ला मात्र अजून अमेरिकी सरकारच्या सैनिकांकडे होता.

किल्ल्यात मेजर रॉबर्ट अँडरसन आणि त्यांचे ऐंशीपंच्याऐंशी सैनिक होते. काठावरून तोफा रोखून बसलेल्या दक्षिणेच्या फौजेचे सेनापती होते जनरल बोरगार्ड. लष्करी विद्यालयात याच अँडरसनांकडून बोरगार्ड तोफांचे शास्त्र शिकले होते. गुरू आत, शिष्य बाहेर. किल्ल्यातला शिधा संपत आला तेव्हा लिंकन यांनी आगाऊ कळवून अन्न घेऊन जाणारी जहाजे पाठवली. ती पोहोचली असती तर वेढ्याला अर्थ उरला नसता. अँडरसन यांनी सांगितले, की रसद आली नाही तर १५ तारखेच्या दुपारी ते किल्ला सोडतील. तेवढे तीन दिवस थांबायची दक्षिणेची तयारी नव्हती. १२ एप्रिलला पहाटे एक तासाची मुदत दिली गेली आणि साडेचारला पहिला गोळा सुटला. तारीख ठरवली ती रिकाम्या होत चाललेल्या कोठाराने आणि वाटेवर असलेल्या जहाजांनी.

सुमारे ३४ तास मारा चालला. त्यात दोन्हीकडचा एकही माणूस तोफेच्या गोळ्याने मेला नाही. किल्ला सोडताना झेंड्याला तोफांची सलामी देत असता स्फोट झाला आणि त्यात एक सैनिक जागीच ठार झाला. या युद्धाचा तो पहिला बळी. पुढे चार वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. युद्ध संपताना अँडरसन यांनी तोच झेंडा त्याच किल्ल्यावर पुन्हा चढवला. तो दिवस होता १४ एप्रिल १८६५. त्याच रात्री वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात लिंकन यांना गोळी घातली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्ती होऊन अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली.

चार्ल्सटनच्या त्या पहाटेचा मुंबईशी फार जवळचा संबंध आहे. इंग्लंडमधल्या मँचेस्टर भागातल्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जाई. युद्ध सुरू होताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि गिरण्या कापसावाचून अडल्या. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरातून जाऊ लागला आणि भाव कधी नव्हे इतके चढले. शहरात पैसा आला, त्या पैशातून बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांचे शेअर घेण्यासाठी मोठ्यांपासून छोट्यांपर्यंत सगळ्यांची झुंबड उडाली. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला आणि त्याच्याबरोबर सगळा डोलारा. त्या तेजीतला सर्वांत मोठा व्यापारी प्रेमचंद रायचंद त्यात बुडाला. पण त्याने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही फोर्ट भागात आहे. राजाबाई हे त्याच्या आईचे नाव.

यानंतर १९४५. फ्रँकलिन रूझवेल्ट हे चार वेळा निवडून आलेले अमेरिकेचे एकमेव राष्ट्राध्यक्ष. १९२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, सुट्टीवर असताना त्यांना ताप आला आणि काही दिवसांत दोन्ही पाय लुळे पडले. आजाराचे निदान झाले पोलिओ. पुढचे सगळे आयुष्य ते स्वतःच्या पायांवर आधाराशिवाय उभे राहू शकले नाहीत. भाषणाला उभे राहताना पायांना लोखंडी पट्ट्या बांधलेल्या असत आणि एका हाताने कशाचा तरी आधार घेतलेला असे. जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात पोहल्याने बरे वाटते म्हणून ते तिथे जाऊ लागले आणि पुढे ती जागा विकत घेऊन त्यांनी तिथे पोलिओच्या रुग्णांसाठी केंद्रच उभारले.

१९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध काम करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. तिच्यासाठी रेडिओवरून लोकांना आवाहन झाले, की प्रत्येकाने एक डाइम, म्हणजे दहा सेंटचे नाणे, थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी पाठवावे. लिफाफ्यांचे ढीग आले. मुलांनी खाऊचे पैसे पाठवले. श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांपेक्षा असंख्य लोकांच्या छोट्या नाण्यांवर संशोधन चालवायचे, हा प्रयोग त्या काळी नवा होता, आणि या सगळ्या हकिकतीतला हा भाग मुलांना आवर्जून सांगावा असा आहे.

१२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट वॉर्म स्प्रिंग्जलाच होते. एक चित्रकर्ती त्यांचे चित्र काढत होती. दुपारी एकच्या सुमारास डोक्यात भयंकर कळ येत असल्याचे त्यांनी सांगितले आणि ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. साडेतीननंतर थोड्याच वेळात त्यांचा मृत्यू झाला. जर्मनीची शरणागती तेव्हा चार आठवड्यांच्या आत आली होती. ते चित्र अपुरेच राहिले आणि तसेच जपून ठेवले आहे. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, रूझवेल्ट यांचा चेहरा अमेरिकेच्या एका नाण्यावर आला. ते नाणे होते डाइम.

त्यांच्या मृत्यूला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, १२ एप्रिल १९५५ ला, मिशिगन विद्यापीठाच्या सभागृहात शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि शेकडो पत्रकार जमले होते. डॉ. थॉमस फ्रान्सिस पोलिओच्या लसीच्या चाचणीचा अहवाल वाचणार होते. ती तारीख आणि रूझवेल्ट यांचा स्मृतिदिन यांचा मेळ सगळ्यांच्याच लक्षात आला. पण त्याहून घट्ट धागा पैशाचा होता. डाइम गोळा करणाऱ्या त्या संस्थेनेच लसीचा खर्च उचलला होता.

पोलिओ हा विषाणूचा आजार. घाण पाण्यातून किंवा अन्नातून विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि आतड्यात वाढतो. बहुतेकांना काहीच होत नाही, पण थोड्या जणांत तो मज्जारज्जूतल्या पेशींवर हल्ला चढवतो. हातपाय लुळे पडतात. श्वासाचे स्नायू निकामी झाले तर मूल दगावते, किंवा तेव्हाच्या काळात त्याला छातीवर हवेचा दाब कमीजास्त करणाऱ्या मोठ्या लोखंडी यंत्रात झोपवून ठेवत, फक्त डोके बाहेर. १९५२ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ५८ हजार रुग्ण नोंदले गेले. उन्हाळा आला की पोहण्याचे तलाव बंद होत आणि आईबाप मुलांना गर्दीत पाठवेनासे होत.

जोनास साल्क या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकाने पोलिओचे विषाणू प्रयोगशाळेत वाढवले आणि फॉर्मॅलिनने मारून टाकले. मेलेला विषाणू आजार करू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. पुढे जिवंत विषाणू आला तर शरीर आधीच तयार असते. ही लस साल्क यांनी आधी स्वतःला, पत्नीला आणि तिन्ही मुलांना टोचली. मग १९५४ मध्ये सुरू झाली तोवरची सर्वांत मोठी वैद्यकीय चाचणी. तिच्यात सुमारे १८ लाख शाळकरी मुले होती. कित्येक ठिकाणी काही मुलांना खरी लस आणि काहींना लशीसारखेच दिसणारे साधे द्रावण दिले गेले. कोणत्या बाटलीत काय आहे हे मुलाला ठाऊक नव्हते आणि सुई टोचणाऱ्या डॉक्टरलाही नव्हते. बाटल्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते. असे केले नाही तर ‘लस मिळाली, आता हा बराच राहणार’ अशी समजूत डॉक्टरच्या तपासणीतही शिरते आणि निकाल बिघडतो. भाग घेणाऱ्या मुलांना ‘पोलिओ पायोनियर’ असे लिहिलेला बिल्ला आणि कार्ड मिळाले. तो बिल्ला त्यांनी खरोखर कमावला होता, कारण मोठ्यांच्या हाती निकाल देण्यासाठी या मुलांनी दंड पुढे केले होते.

तो निकाल लावायला जवळजवळ वर्ष लागले. फ्रान्सिस यांनी सांगितले, की लस सुरक्षित आहे आणि परिणामकारकही, लुळेपणा आणणाऱ्या पोलिओपासून ती शंभरातल्या ८० ते ९० मुलांना वाचवते. देशभर चर्चच्या घंटा वाजल्या, कारखान्यांचे भोंगे झाले, लोक दुकानांत आणि रस्त्यांत रडले. त्याच दिवशी सरकारने लसीला परवाना दिला. त्या संध्याकाळी एका मुलाखतीत साल्क यांना विचारले गेले, की लसीचे पेटंट कोणाचे? ते लोकांचे आहे, असे त्यांनी सांगितले आणि सूर्याचे पेटंट घेता येते का, असा उलट प्रश्न केला.

आनंदाचे हे दिवस काही काळ झाकोळले, हेही सांगायला हवे. दोनच आठवड्यांत लस घेतलेल्या काही मुलांना पोलिओ झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. लस बनवणाऱ्या एका कंपनीच्या काही बाटल्यांत विषाणू पूर्णपणे मेलेला नव्हता. त्यातून सुमारे २०० जणांना लुळेपणा आला आणि १० जण दगावले. लसीकरण थांबवून तपासणीचे नियम कडक केले गेले आणि मगच ते पुन्हा सुरू झाले. आज कोणतीही लस बाजारात येण्याआधी ज्या चाचण्यांतून जाते, त्यांची कठोरता त्या उन्हाळ्यातून आलेली आहे. पुढे अल्बर्ट सेबिन यांनी तोंडावाटे देण्याची थेंबांची लस तयार केली. तिची मोठी चाचणी सोव्हिएत रशियात झाली, आणि तीही अमेरिका आणि रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते त्या काळात. भारतात पल्स पोलिओच्या रविवारी मुलांच्या तोंडात पडत आले ते हेच थेंब. थेंब घेतले की डाव्या करंगळीवर शाईची खूण होत असे, म्हणजे कोणते मूल राहिले हे घरोघर फिरणाऱ्या सेविकांना लगेच कळे. देशातला या विषाणूचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले.

१९६१ च्या १२ एप्रिलला कझाकस्तानातल्या बायकोनूरच्या तळावर उभ्या असलेल्या अग्निबाणाच्या टोकाला, गोलाकार यानात, सोव्हिएत रशियाचा २७ वर्षांचा युरी गागारिन बसला होता. बाप सुतार, आई गोठ्यावर काम करणारी, स्वतः आधी ओतारीकाम शिकलेला आणि मग लढाऊ वैमानिक झालेला. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. आतली जागा इतकी अपुरी होती, की ठेंगणेपणाचा फायदाच झाला. आधीच्या दोन उड्डाणांत, मार्चमध्ये, प्रत्येकी एक कुत्री आणि एक माणसाच्या आकाराचा पुतळा पाठवून यान तपासले होते. दोन्ही सुखरूप परतल्या होत्या.

घाईचे कारण अमेरिका. अमेरिकेचाही माणूस पाठवण्याचा बेत होता. २४ मार्चला तिथे उड्डाण झालेही, पण अग्निबाणात आधी आढळलेले दोष पुरते गेले आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ते रिकामेच केले गेले. ती जादा चाचणी घेतली नसती, तर अंतराळात गेलेला पहिला माणूस कदाचित अमेरिकन ॲलन शेपर्ड ठरला असता. शेपर्ड ५ मे रोजी गेला, तोही पृथ्वीभोवती न फिरता, पंधरा मिनिटांत वर जाऊन खाली आला.

मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ७ मिनिटे झाली होती, मुंबईत ११ वाजून ३७. अग्निबाण सुटला तसा गागारिन ‘चला, निघालो!’ अशा अर्थाचा एकच शब्द ओरडला. वजनरहित अवस्थेत माणसाचे डोके ताळ्यावर राहील का, याची कोणालाच खात्री नव्हती. म्हणून यानाची सूत्रे स्वयंचलित ठेवली होती आणि हाताने चालवण्याचे कुलूप उघडणारा सांकेतिक आकडा एका बंद पाकिटात दिला होता. विचार असा, की ज्याला पाकीट फोडून आकडा वाचता आणि दाबता येतो, त्याचे डोके ठिकाणावर आहे. आकडा होता १२५. ते पाकीट वापरायची वेळ आली नाही.

गागारिन ताशी सुमारे २७ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती एक फेरी मारून परत निघाला. सर्वांत जास्त उंची होती ३२७ किलोमीटर. परतताना यानाचा मागचा भाग सुटायला हवा होता, पण तो तारांनी लटकत राहिला आणि यान गरगर फिरू लागले. वातावरणाच्या घर्षणाने त्या तारा जळाल्या तेव्हा ते स्थिर झाले. जमिनीपासून सात किलोमीटरवर गागारिन आसनासकट बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या पॅराशूटने व्होल्गा नदीकाठच्या सारातोव भागातल्या एका शेतात उतरला. सुटल्यापासून उतरेपर्यंत १०८ मिनिटे झाली होती. शेतात बटाट्याच्या कामावर असलेली एक बाई आणि तिची नात नारिंगी पोशाखातला हा माणूस पाहून घाबरल्या. आपण इथलेच आहोत, असे त्याने त्यांना हाका मारून सांगितले. त्याला फोन करायला जागा हवी होती.

गागारिन यानातून बाहेर पडून वेगळा उतरला, ही गोष्ट सोव्हिएत सरकारने बरीच वर्षे लपवली. विमानविद्येच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे विक्रम मानला जाण्यासाठी चालकाने यानासकट उतरणे जरूर होते. लपवण्यासारखे त्यात खरे तर काही नव्हते, कारण पृथ्वीची फेरी पुरी झालीच होती. यान आणि अग्निबाण ज्याच्या डोक्यातून निघाले, त्या सर्गेई कोरोल्योव यांचे नावही १९६६ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत गुप्त राहिले. जगभर हारतुरे गागारिनने घेतले, त्याच वर्षाच्या अखेरीस तो भारतातही येऊन गेला, आणि ज्याने त्याला वर पाठवले तो माणूस मात्र गर्दीत कुठे तरी अनामिक उभा राहिला. गागारिन पुन्हा अंतराळात गेला नाही. १९६८ मध्ये, ३४ व्या वर्षी, सरावाच्या विमानाच्या अपघातात तो गेला.

बरोबर वीस वर्षांनी, १२ एप्रिल १९८१ ला, अमेरिकेचे ‘कोलंबिया’ हे स्पेस शटल फ्लोरिडातून उडाले. गागारिनच्या उड्डाणाचा विसावा वाढदिवस साधायचा म्हणून ही तारीख निवडली असेल, असे कोणालाही वाटेल. तसे नव्हते. उड्डाण १० एप्रिलला ठरले होते. शटलमध्ये चार संगणक एकच हिशेब एकाच वेळी करत आणि एकमेकांची उत्तरे ताडून पाहत. पाचवा स्वतंत्र कार्यक्रमावर चालणारा, राखीव. १० तारखेला हा पाचवा बाकीच्या चौघांशी जुळेना, कारण त्यांच्या वेळेत सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतका फरक पडला होता. उड्डाण थांबले, दोष शोधला गेला, आणि दोन दिवसांनी रविवारी सकाळी सातला शटल सुटले.

आत दोघेच होते. चंद्रावर चालून आलेले, ५० वर्षांचे जॉन यंग आणि पहिल्यांदाच अंतराळात जाणारे रॉबर्ट क्रिपन. एखादे नवे यान आधी रिकामे उडवून न पाहता पहिल्याच खेपेला माणसांसह पाठवण्याचे धाडस त्यापूर्वी कोणी केले नव्हते. परतीच्या वेळी शटल तापून लाल होऊ नये म्हणून त्याच्या अंगावर हजारो हलक्या उष्णतारोधक फरशा एकेक करून चिकटवल्या होत्या. उड्डाणात त्यांतल्या १६ गळून पडल्या आणि १४८ खराब झाल्या. सुदैवाने त्या नाजूक जागच्या नव्हत्या. दोन दिवसांनी, १४ एप्रिलला, शटल एखाद्या विमानासारखे कॅलिफोर्नियातल्या धावपट्टीवर उतरले. या कोलंबियानेच १९९७ मध्ये कर्नालच्या कल्पना चावला पहिल्यांदा अंतराळात गेल्या. १ फेब्रुवारी २००३ ला त्या दुसऱ्या सफरीहून परतत असताना कोलंबिया वातावरणात फुटले आणि सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला होता आणि तिथल्या भोकातून तप्त वायू आत शिरला.

रशियात १२ एप्रिल हा अंतराळवीर दिन म्हणून १९६२ पासून पाळला जातो. गागारिनच्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०११ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हा दिवस मानवी अंतराळ उड्डाणाचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून जाहीर केला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये शटलचे १३५ वे आणि शेवटचे उड्डाण झाले. त्यानंतर मे २०२० पर्यंत, जवळजवळ नऊ वर्षे, अमेरिकेच्या अंतराळवीरांना अंतराळ स्थानकावर जाण्यासाठी रशियाच्या सोयुझ यानाचाच आधार होता, आणि ते यान सुटत असे बायकोनूरहून.